डबा वाजला होता

उत्तर भारतात बदलीवर होतो तेव्हा विकास नगरच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, मी भूकंपाची सूचना देणारा एक स्वस्तातला डबा भिंतीला लावला होता. जमिनीची पहिली बारीक थरथर झाली की तो वाजायचा, म्हणजे मोठ्या हादऱ्याआधी बाहेर पडायला काही क्षण मिळायचे. मी रेल्वेत इंजिनिअर, त्यामुळे बिल्डिंगमध्ये त्याचे गुण मीच सांगत फिरायचो.

एका रविवारी सकाळी तो खरंच वाजला. स्वयंपाकघरात बायकोचा मिक्सर चालू होता, मुलगी बाथरूममध्ये नळ सोडून अंघोळ करत होती. दोघींना ऐकू गेलं नाही, हे मला कळत होतं. तरी हाकही न मारता मी एकटाच जिना उतरलो. खाली पोचलो आणि वरच्या काचा खडखडायला लागल्या.

हादरा थांबल्यावर दोघी धावत खाली आल्या. मुलीचे केस निथळत होते.

"पापा, आप पहले से नीचे कैसे?"

"दूध आणायला आलो होतो."

"अहो, मग डबा वाजला नाही?" बायकोने विचारलं.

"नाही."

तळमजल्यावरचे भाईसाहब सहाही घरांसाठी असे डबे आणणार होते. "इंजीनियर साहब का ही नहीं बजा, तो छोड़िए," ते म्हणाले. डबे आलेच नाहीत. आमचाही डबा बायकोने उतरवला.

पुढे रस्त्यावरून ट्रक गेला, कपबशा किणकिणल्या, की मला घाम फुटायचा. "घाबरू नका, ट्रक आहे," बायको म्हणायची. तिला वाटायचं, मला भूकंपाची भीती बसलीय. मला भीती होती माझ्याच पायांची.