कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर

आपला अंतराळवीर परत येणार होता, त्या जुलैच्या दुपारी भोरच्या चौकात स्वागताचा फलक लागला होता. अंतराळवीर कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढा. मध्यभागी हात जोडलेले शुभेच्छुक, जणू यान वर ढकलायला यांनीच खांदा दिला होता. मी तो वाचत असताना वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, ह्यांच्या छातीत लई दुखतंय. घाम थांबंना. रुग्णवाहिका पुण्याला गेलीय म्हणत्यात. शेजाऱ्यांची जीप मिळालीय, निघालोय आमी."

थोरल्या भावाचं घर वेल्ह्याच्याही पलीकडं, डोंगराच्या अंगाला. मी म्हणालो, "कापूरहोळला आणा. हमरस्त्यालगत हृदयाचे डॉक्टर आहेत. मी तिथं थांबतो."

"व्हय," एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली.

कापूरहोळला पोचून डॉक्टरांना सांगितलं. ऑक्सिजन, खाट, सगळं तयार झालं. मग मला करण्यासारखं काही उरलं नाही. समोरच्या ढाब्यावर बसून फोन लावत राहिलो. एक बाई दर वेळी तितक्याच नम्रपणे सांगायची, की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे.

ढाब्याच्या टीव्हीवर अंतराळयान उतरत होतं. निवेदक इतका ओरडत होता, की यानाला रेडिओची गरजच नव्हती.

"सर, आता काही मिनिटं संपर्क न्हाई म्हणत्यात," ढाब्याचा मालक म्हणाला. मी मास्तर होतो तेव्हापासून तो मला ओळखतो. "का वो?"

"यान इतक्या वेगानं हवेत शिरतं की भोवती जाळ होतो. त्यातून रेडिओ जात नाही."

"म्हंजी आपल्या वेल्ह्याच्या रस्त्यावानीच की!"

"यानाभोवती निदान जाळ तरी असतो."

तो हसला. मी पुन्हा फोन लावला. तीच बाई.

अंतराळयानांच्या अपघातांबद्दल मी आयुष्यभर वाचत आलोय. आपल्याकडची एक मुलगी ज्या यानातून परत येत होती, त्याच्या पंखाला उड्डाणातच मार बसला होता. जमिनीवरच्या काहींना शंकाही होती. पुढं ते यान हवेतच तुटलं. तेव्हा नियंत्रण कक्षातला माणूस यानाला हाका मारत राहिला, शांत आवाजात, ठरलेल्या शब्दांत. एवढी यंत्रं समोर असून त्याच्या हातात उरल्या होत्या फक्त हाका. माझ्याकडं तर मोबाईल होता.

टीव्हीवर छत्र्या उघडल्या. ढाबाभर टाळ्या झाल्या. कुणीतरी पळत जाऊन फटाक्यांची माळ आणली.

तेवढ्यात चिखलानं माखलेली जीप दवाखान्याच्या दारात येऊन थांबली. मी रस्ता ओलांडून धावलो आणि जीपच्या दाराला हात लावून तसाच थांबलो. फार वर्षांपूर्वी रशियाची एक अवकाशकुपी अगदी बिनचूक उतरली होती. छत्री उघडली, जागा ठरलेली, ओरखडाही नाही. न्यायला आलेल्यांनी दार उघडलं तर तिघं आपापल्या जागी शांत बसलेले. हवा वरच निघून गेली होती. हे मला ठाऊक नसतं तर मी दार लवकर उघडलं असतं, आणि फरक काहीच पडला नसता.

"भाऊजी, उघडा की," वहिनी आतून हळू आवाजात म्हणाली.

दादाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. पदरानं ती त्याचं कपाळ पुसत होती, पण घाम आता नव्हता.

"नसरापूरपातुर कण्हत व्हते. आत्ताच डोळा लागलाय. डायवरला म्हटलं, हॉर्न नको वाजवूस."

मी दादाचा हात हातात घेतला. स्ट्रेचर आलं. डॉक्टरांनी त्याच्या मानेवर बोटं ठेवली, माझ्याकडं पाहिलं आणि त्याला आत घेतलं. समोर माळ तडतडायला लागली.

"तेवढं बंद करायला सांगा वो," वहिनी म्हणाली. "जागे व्हतील."

मी परत रस्ता ओलांडला.

"काय क्षण हाय सर!" मालक ओरडला. "सुखरूप आला आपला माणूस!"

"जरा थांबवा," मी म्हणालो. "माझा भाऊ झोपलाय."