उपाशीपोटी गाऱ्हाणं

आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान एकाच घराकडे आहे. देवासमोर नारळ ठेवायचा, सगळ्यांच्या वतीने देवाला हाक मारायची, आणि एकेका वाक्याला मागच्या माणसांनी ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. भटजींचे मंत्र देवाच्या भाषेत असतात, गाऱ्हाणं आपल्या भाषेत असतं. म्हणून ते देवाला लवकर पोचतं, असं आम्ही मानतो. त्याची आम्हाला लाज नाही.

दत्ताराम त्या घरातला. पोरवयात मुंबईला गेला, विक्रोळीच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहून त्याने उमर काढली, आणि निवृत्तीनंतर पवईच्या एका सोसायटीत देखरेखीचं काम धरलं. टाकीत पाणी चढलं का, लिफ्ट अडकली का, ते बघायचं. पण विक्रोळीच्या चाळीतल्या आमच्या गावकरी मंडळात त्याची ओळख एकच होती. गाऱ्हाणंवाला दत्ताराम. त्याचा आवाज असा, की पहिली हाक घातली की पोरांच्या हातातले मोबाईल आपोआप खिशात जायचे.

त्या घराचा एक नेम होता. गाऱ्हाणं उपाशीपोटी घालायचं. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घालणाऱ्याने तोंडात काही घ्यायचं नाही. त्याच्या बापाने हा नेम पाळला, आज्याने पाळला, आणि दत्तारामनेही कधी मोडला नाही.

साखरेचा आजार त्याला बरीच वर्षं होता. आधी एक गोळी, मग दोन, मग सकाळ-संध्याकाळ मूठभर. गोळ्यांशी त्याचं भांडण नव्हतं. गोळी खिशात मावते, पाण्याबरोबर जाते, कोणाला कळत नाही. सुईचं मात्र नाव काढायचं नाही. त्याच्या थोरल्या भावाला इन्सुलिन लागलं आणि वर्षाच्या आत तो गेला. भावाने सुई घेतली तेव्हा त्याच्या किडन्या आधीच गेल्या होत्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण दत्तारामच्या मनात हिशेब सरळ होता. सुई लागली, माणूस गेला.

मग सोसायटीने दिलेला नवा बूट उजव्या पायाच्या अंगठ्याला चावला. बूट चावला ते त्याला कळलंच नाही. पायाची संवेदना कधीच गेली होती. मोज्याला चिकटलेलं रक्त जानकीने धुताना पाहिलं. जानकी म्हणजे त्याची बायको. तिने त्याला हाताला धरून घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी जखम पाहिली, रिपोर्ट पाहिले, आणि चष्मा काढून ठेवला.

“काका, गोळी तुमच्या शरीराला हाका मारते, की इन्सुलिन दे. पण देणारा दमलाय. आता बाहेरूनच द्यावं लागेल. तीन महिने तरी. जखम भरली की पुढचं बघू.”

“आणि नाय घेतला तर? गोळ्या वाढवा ना. अजून एक द्या.”

“गोळ्या वाढवायला जागा उरलेली नाही. जखम अशीच राहिली तर अंगठा काढायला लागेल. आणि अंगठ्यावर थांबेल असं मी लिहून देणार नाही.”

घरी आल्यावर मुलावर, सुयोगवर खेकसला. सुयोग कुरिअर कंपनीत कामाला. त्याने पोटात टोचायची ती पेनासारखी सुई हातात घेऊन फिरवून बघितली आणि म्हणाला, “पप्पा, एवढीशी तर आहे. मच्छर चावल्यासारखं. कशाला फालतू टेन्शन घेता?”

“तुका काय जाता बोलाक? पोट तुझा नाय.”

पण पाय त्याचा होता, आणि उभं राहून गाऱ्हाणं घालायचं तर पाय हवाच. बसून गाऱ्हाणं घातलेलं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही. त्या एका विचाराने तो नमला. जानकीने त्याला देवापुढे शपथ घ्यायला लावली, की एक दिवस सुई चुकवणार नाही. सकाळी नाश्त्याच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाच्या आधी. डॉक्टरीणबाईंनी हे ‘आधी’ दोनदा सांगितलं होतं. पण सुईनंतर जेवण हवंच हवं, जेवण पुढे जाणार असेल तर सुईही पुढे, हे त्यांनी सांगितलं की नाही, सांगितलं असेल तर कोणी ऐकलं, यावर त्या घरात अजून वाद आहे.

माघात मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती. दत्ताराम पहाटे उठला, आंघोळ केली, धोतर नेसला. सुईची शपथ होती, म्हणून सुई घेतली. नेम होता, म्हणून नाश्ता केला नाही. डॉक्टरचंही ऐकलं आणि देवाचंही ऐकलं. अशा समाधानाने तो चाळीच्या चौकात जाऊन बसला.

भटजींची त्या दिवशी मुलुंडला आधी एक पूजा होती. ती लांबली. सकाळची पूजा दुपारकडे सरकली. चौकात केळीचे खांब बांधलेले, चौरंग मांडलेला, माणसं घड्याळं बघतायत. मंडळाचा अध्यक्ष विद्याधर फोनवर फोन लावत होता. शेवटी भटजी घामाघूम होऊन आले, आणि विद्याधर म्हणाला, “दत्ताराम, घाल रे गाऱ्हाणा. भटजी तेवढ्यात मांडून घेतील.”

दत्ताराम उभा राहिला. नारळ ठेवला. डोळे मिटले.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आज तुझी ही लेकरा मुंबयत एका जाग्यार जमली आसत, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

तिसऱ्या वाक्याला त्याची जीभ जड झाली. कपाळावरून घाम ओघळला. हात थरथरायला लागले, मग खांदे, मग सगळं अंग. डोळे उघडले, पण ते कोणाकडे बघत नव्हते. पुढचं वाक्य यायच्या जागी काहीतरी भलतंच आलं.

“वरच्या मजल्यार... पाणी चढत नाय. पाणी चढत नाय रे...”

विद्याधर ओरडला, “वारो इलो! देव इलो अंगात! बाजूक सरा!”

कोकणच्या माणसाला यापेक्षा मोठी गोष्ट नाही. दत्तारामच्या घरात आज्याच्या अंगात यायचं, हे म्हाताऱ्यांना आठवत होतं. माणसं गुडघ्यांवर आली. कोणी त्याच्या कपाळाला अबीर लावला, कोणी पायावर डोकं ठेवलं. नेमकं उजव्या पायावर, नेमकं पट्टीवर. बाजूच्या खोलीतली नंदा पदर पसरून पुढे आली. चाळीच्या जागी टॉवर व्हायचा होता, आणि कोणाला कुठला मजला हवा ते त्याच आठवड्यात कळवायचं होतं.

“म्हाराजा, खयचो मजलो घेव? अकरावो घेव काय?”

“पाणी चढत नाय,” दत्ताराम बरळला. पवईच्या टाकीचं त्याच्या डोक्यात बसलेलं वाक्य ते. नंदाने ते पदरात झेललं.

जानकी आत प्रसादाच्या शिऱ्याचा रवा भाजत होती. गलका ऐकून बाहेर आली. तिने त्याचा घाम पाहिला, ओठ पाहिले, आणि तिला देवबिव काही दिसलं नाही. ती परत आत धावली, शिऱ्यासाठी काढून ठेवलेली साखर पाण्यात ढवळली आणि तांब्या घेऊन गर्दीत शिरली.

“बाजूक व्हा मेल्यांनो! साखर उतारली हा ह्यांची!”

विद्याधरने तिचा हात धरला. “वयनी, नैवेद्य झालेलो नाय! प्रसादाची साखर ती!”

“नैवेद्य मागाहून दाखवा. माणूस रवलो तर.”

तिने नवऱ्याला खाली बसवलं, त्याची मान मांडीवर घेतली आणि घोट घोट पाणी पाजलं. तो गिळत होता, एवढं नशीब. थोड्या वेळाने त्याच्या डोळ्यांत ओळख आली. त्याने आजूबाजूला बघितलं. चाळीस-पन्नास माणसं हात जोडून त्याच्याकडे बघत होती.

“काय झाला? गाऱ्हाणा झाला काय?”

नंदाने त्याच्या पायाजवळ सांडलेला अबीर उचलून पदराला बांधला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला चांगलंच झापलं. “सुई घेतली आणि उपाशी राहिलात? काका, सुई अन्नाची वाट बघत नाही. रक्तात असेल ती साखर ओढते. जेवण पुढे, तर सुई पुढे. एवढंच करायचं होतं.”

“मग पयला सांगूक होया होता!”

“सांगितलं होतं.”

“नाय सांगितलास!”

जानकीने मान खाली घातली. तिलाही आठवत नव्हतं. बाईंनी या वेळी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायला सांगितली. जखमेचं ड्रेसिंग सोडून पाहिलं. काठ अजून पांढरे होते, पण तळाला किंचित लाली आली होती. “धरतेय,” त्या म्हणाल्या. “आता सोडू नका.”

सोडायचं नाही, हे दत्तारामने त्या लालीकडे बघून ठरवलं. पण चाळीने वेगळंच ठरवलं होतं.

विद्याधर घरी आला. चहा घेतला, आणि घसा साफ करून म्हणाला, “दत्ताराम, मंडळाचा म्हणणा असा, की तू सुई बंद कर. गोळ्यांवर होतंस तेव्हा काय बिघडला होता? सुईन अंग टोचलेला देवाक चलत नाय.”

“मेल्या, आदी म्हणतंस देव इलो, आता म्हणतंस देवाक चलत नाय. एक काय ता ठरव.”

“देव इलोच. पण वयनीन मधीच साखर घातली, म्हणून अर्ध्यावर गेलो. पुढच्या खेपेक तसा होवक नको.”

“देव नाय, साखर उतारलेली! डॉक्टरीण काय झक मारूक शिकली?”

“डॉक्टर लोकांका ह्यातला कळत नाय.”

दत्तारामने कप असा आपटला, की कान तुटला. माणसाला शिवी दिली तर ती परत घेता येते. पण डोक्यावर देव बसवला, तर तो कुठे उतरवायचा? संडासाच्या रांगेत माणसं त्याला पुढे सोडायला लागली. जिन्यावर भेटलेली एक म्हातारी त्याच्यासमोर वाकली. तो तिच्यावर ओरडला, तर तिने ओरडणंही प्रसादासारखं घेतलं. नंदाने अकरावा मजला नाकारून चौथा कळवून टाकला, आणि तिचं बघून आणखी तिघांनी वरचे मजले सोडले. दत्ताराम तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

“नंदा, ता पवयच्या टाकीचा बोलत होतंय मी. पंप बिघडलेलो.”

“होय म्हाराजा,” ती म्हणाली.

सुयोग हसून हसून लोळला. “पप्पा, तुमची फुल वाट लागली. आता मठच काढा.”

“हस. तुका हसूक येता.”

फाल्गुनात होळी आली. गावाला जाता न आलेले आम्ही चाळीच्या मैदानात होळी लावतो, आणि होळीसमोर गाऱ्हाणं होतं. विद्याधरने निरोप पाठवला, की सुई न घेता यायचं. दत्तारामने उलट निरोप पाठवला, की होळीचं गाऱ्हाणं संध्याकाळचं, म्हणून उपास दुपारच्या जेवणानंतरचा; आणि संध्याकाळची सुई घेणार, पण गाऱ्हाण्यानंतर, जेवायच्या वक्ताला. उपास मोडणार नाही, सुई चुकवणार नाही, आणि यात कोणाला बोलायला जागा नाही. जानकीने त्याच्या सदऱ्याच्या खिशात ग्लुकोजची पुडी घातली. त्याने ती काढली, परत घातली. अंगठ्यावर खपली धरली होती. महिन्याभरात त्याने पहिल्यांदाच वहाण घातली.

मैदानात एरवीपेक्षा दुप्पट गर्दी होती. शेजारच्या चाळींतलेही आले होते. बायकांनी ओट्या भरून आणल्या होत्या. पुढच्या रांगेतल्यांचे चेहरे बघून दत्तारामच्या लक्षात आलं, की ही माणसं गाऱ्हाणं ऐकायला आलेली नाहीत.

त्याने तरीही घातलं, आणि असं घातलं, की त्याच्या बापाने ऐकायला हवं होतं. बाळगोपाळांचं मागणं, नोकरी-धंद्याचं मागणं, गावात राहिलेल्यांचं, वाट चुकलेल्यांचं. एक शब्द अडला नाही. आवाज होळीच्या जाळावरून पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेला. तो दोन्ही पायांवर सरळ उभा होता. हात थरथरला नाही, कपाळावर आला तो फक्त जाळाचा घाम.

‘होय म्हाराजा’ आधी जोरात आलं, मग विरत गेलं. गाऱ्हाणं संपलं, नारळ होळीत पडला, आणि तरी माणसं उभीच राहिली. वाट बघत. दत्तारामही उभा राहिला. मग मागून एक बाई म्हणाली, “काय नाय गो. सुयेन देव घालवल्यान.” गर्दी पांगायला लागली. विद्याधर त्याच्या खांद्यावर हात ठेवून, आजाऱ्याला समजवावं तसं म्हणाला, “गोळ्यांचा बघ रे परत. विचार कर.”

“इचार झालो,” दत्ताराम म्हणाला. “अंगठो माझो. देव तुमचो तुम्ही सांभाळा.”

घरी जानकीने ताट वाढलेलं होतं. त्याने सदरा वर केला, पोटाची चिमट धरली आणि सुई टोचली. इतक्यात दारात नंदा उभी. हातात नारळ, बरोबर मुलगा सौरभ.

“ह्याच्या लग्नाचा जरा बघा, म्हाराजा.”

दत्तारामच्या तोंडात शिवी आली. पण सुई आत गेली होती, आणि आता जेवण थांबवायची सोय नव्हती. भांडत बसला, तर परत घाम, परत थरथर, परत सगळी चाळ दारात.

“जेवक दी माका,” तो दातओठ खात म्हणाला.

“जेवा, जेवा,” म्हणत नंदा उंबऱ्यात बसली. त्याचा एकेक घास ती देवाने नैवेद्य घ्यावा तशी बघत राहिली. दत्तारामने ताट उचललं, भिंतीकडे तोंड केलं, आणि रागाने भात कालवून घशाखाली उतरवत राहिला. मागे सौरभ आईला हळूच विचारत होता, “आई, देव आता बोलणार काय?”

“गप रव,” नंदा म्हणाली. “पोट भरू दी त्यांचा.”