मोगऱ्याला पाणी

मोगऱ्याचा वास आला की नंदुरबारचं ते भाड्याचं घर आठवतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळत्या मिरच्यांनी गल्लीभर ठसका लागायचा, तरी शेजारणीच्या अंगणात मोगरा घमघमायचा. आई वारल्यावर माहेरून एकच फांदी आणून तिने तो लावला होता. माझं एकही रोप जगत नव्हतं आणि सासूबाई रोज तिचंच कौतुक ऐकवायच्या. आठ दिवस गावी जाताना ती मला म्हणाली, "मन्हा मोगराले पानी दे वं बहीण." मी दिलं, उकळतं. परतल्यावर वाळलेल्या काड्यांपाशी बसून ती म्हणाली, "तू ते रोज पानी दिधं, तुन्हा काय दोष?" मी रडून दाखवलं, तेव्हा तिनेच माझे डोळे पुसले. पश्चात्ताप झाला, असं आज म्हणता येईल. पण त्या दिवशी माझ्या जिवाला गार वाटलं होतं.