काकांनी दिलेला ओटीपी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच माहीत नाही.

आमचे काका वरूडचे, संत्र्याची बाग आहे त्यांची. मी अमरावतीत, राजापेठेत कॉम्प्युटरचे क्लास घेतो. आमच्या घराण्यात बँकेच्या कुठल्याही अर्जावर ईमेल टाकायची वेळ आली, की माझाच टाकतात. काकांच्या खात्यालाही माझाच होता. शिकलेला पुतण्या ना मी!

एका दुपारी बँकेच्या नावाने मेल आला — केवायसी आजच करा, नाहीतर खातं बंद. वर नुसतं 'प्रिय ग्राहक', काकांचं नाव कुठेच नाही. पाठवणाऱ्याचा पत्ताही बँकेचा नव्हता. हेच तर मी पोरांना शिकवतो — मग मीच का नाही पाहिलं? घाई होती? नाही हो. मस्ती होती. आपल्याला कोण फसवणार!

लिंक उघडली, काकांचा खाते क्रमांक भरला, मीच ठरवून दिलेला पासवर्ड भरला. ओटीपी गेला त्यांच्या मोबाइलवर. मी फोन केला. ते अडखळले.

"कोनालेच सांगू नका, असं तूनंच म्हनलं होतं न, बापू?"

"मले सांगा न. मी काय परका आहो?"

त्यांनी सांगितला. आंबिया बहाराच्या संत्र्यांचे सगळे पैसे गेले.

बँकेत साहेबांनी विचारलं, ओटीपी कुणाला दिला? काकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी समोरच्या टोकनच्या आकड्यांकडे बघत राहिलो. लोक हसतील, क्लास बसेल, एवढंच डोक्यात. शेवटी काकाच म्हणाले, "आलता कोनाचातरी फोन."

तेव्हापासून त्यांचा मोबाइल मुलाच्या खिशात असतो. बागेचा सौदाही तोच करतो. म्हाताऱ्याला काही कळत नाही, असं घरात त्यांच्यासमोरच बोलतात. मीही तिथेच चहा पीत बसलेला असतो. कुणाचा फोन वाजला की काका आपले हात मांडीखाली घेतात — ते मला झोपेतही दिसतं.

मध्यंतरी गावात खोटे मेल कसे ओळखायचे, यावर बोलायला मलाच बोलावलं. लाज वाटत होती, तरी गेलो. पत्ता बघा, घाई करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका — सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, ओटीपी घरच्या माणसालाही द्यायचा नाही.

समोर काका बसले होते. सगळ्यांच्या आधी त्यांनीच टाळ्या वाजवल्या.