नोकराला अहोजाहो

माझं अक्षर वाईट, आणि ऱ्हस्वदीर्घाशी माझं कधीच जमलं नाही. शाळा चौथीत सुटली. वही कुणाच्या हाती लागलीच तर तेवढं पोटात घालावं. पण एक गोष्ट छातीठोकपणे लिहिते: आमच्या वरच्या मजल्यावरच्या जर्मनकाकांइतके खून उभ्या दिल्लीत कुणी पाहिले नसतील. सगळे पुस्तकात.

काका सरकारी खात्यात जर्मन कागदांचा अनुवाद करत आणि रविवारी दर्यागंजच्या फुटपाथवरून जर्मन रहस्यकथा पिशवी भरून आणत. थंडीत आम्ही बायका क्वार्टर्सच्या हिरवळीवर मटार सोलायला बसलो की खुर्ची ओढून ते त्यातली गोष्ट मराठीत सांगत. सांगणं कसलं, भांडणच ते. “लेखक जर्मन, धुकं लंडनचं, आणि विष कालवणारा कोण? फेटेवाला हिंदुस्थानी! तो नसला तर चिनी. यांच्यातला एखादा साधा पोस्टमन का होत नाही? खून नाहीतर सलाम, तिसरं कामच नाही!”

याचा ताप कॉलनीलाही झाला. एकदा वाळत घातलेली रजई नाहीशी झाली. सगळे धोब्याला धरायला निघाले, तर काका जिन्यात आडवे. “बिल्कुल नाही! आधी शेजारच्या सेक्शन ऑफिसरांचं घर तपासा.” रजई निघाली काकांच्याच पलंगावर, काकूंनी आपली समजून उचलली होती. “पाहिलंत? धोबी नव्हता ना!” काका म्हणाले. सेक्शन ऑफिसर पुढे दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत.

मग पुण्याच्या एका प्रकाशकाने यातलीच एक कादंबरी त्यांना मराठीत करायला दिली आणि चारशे रुपये आगाऊ पाठवले. जन्मभर केलेल्या अनुवादांवर सही साहेबांची. आता प्रथमच काकांचं नाव छापून येणार होतं. शिवाय कादंबरीतला हिंदुस्थानी नोकर चक्क निर्दोष! काका प्रकरण लिहीत आणि आम्हाला वाचून दाखवत. चारचौघांत तोंड न उघडणारी मी एकदा बोलून गेले, “काका, गोष्टीतले लॉर्ड मेले तरी ‘ते’, आणि आपला माणूस निर्दोष असून ‘तो’. जर्मनमध्येही असंच आहे का?”

काकांनी मूळ जर्मन पुस्तक उघडून ते पान पुन्हा वाचलं. “नाही गं. तिथे दोघांना एकच शब्द. ‘तो’ मी केला.”

त्यांनी सगळं पुन्हा लिहिलं. ‘ते चहा घेऊन आले.’ ‘इन्स्पेक्टरने त्यांच्या थोबाडीत मारली.’ काकू म्हणाल्या, “अहो, मार खाताना तरी अरेतुरे चालेल की!” प्रकाशकाचं पत्र आलं: नोकराला अहोजाहो वाचकांना रुचणार नाही, बदला, नाहीतर पैसे परत करा. पैसे तर केव्हाच घरात खर्च झाले होते.

मी जिन्यात काकांना गाठलं. “माझं ऐकू नका. मला काय कळतं!”

“एवढं जर्मन शिकून मला जे दिसलं नाही, ते तुला ऐकू आलं.”

“पण तुमचं नाव?”

“दारावरच्या पाटीवर आहे की,” ते हसले. पण हसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आठ महिने दर पहिल्या तारखेला प्रकाशकाला पन्नासाची मनिऑर्डर गेली. दर्यागंजची फेरी बंद झाली. काका हिरवळीवर नुसतेच बसत, आणि आम्हीही गोष्ट मागत नसू. शेवटच्या मनिऑर्डरची पोच आली, तेव्हा ती हातात धरून ते आमच्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. “सगळे फिटले गं,” एवढंच म्हणाले.