यंत्रसम्राटाच्या आतला माणूस

लाँड्रीवाल्या बाईंच्या नवऱ्याने जन्मात एकच काम मनापासून केलं, तेही आठवडाभर, आणि उरलेलं आयुष्य त्या कामाबद्दल बोलण्यात घालवलं.

त्याच्या तरुणपणी टीव्हीवर अवकाशातल्या लढायांची एक मालिका लागायची. ती लागली की रस्ते ओस पडत. तिच्या एका भागात यंत्रसम्राट नावाचा पत्र्याचा राक्षस पृथ्वीवर चालून येतो. त्या पत्र्याच्या आत आपण होतो, असं नवऱ्याचं म्हणणं. सम्राटाच्या तोंडावर जाळी आणि आवाज दुसऱ्याचा, त्यामुळे त्याला खोटं पाडायची कुणाची टाप नव्हती. बाईंचे वडील या पत्र्यालाच भुलले. पडद्यावरचा जावई मिळतोय म्हणून त्यांनी चौकशीसुद्धा केली नाही आणि मुलगी देऊन मोकळे झाले.

लग्नानंतर सम्राटाने गोदामातली नोकरी सोडली. तिथल्या साहेबाला म्हणे कलावंताची पारख नव्हती. पुढच्याही दोन-तीन साहेबांना ती नव्हती. शेवटी बाईंनीच खोलीच्या खालचा गाळा घेऊन लाँड्री टाकली. त्या वाफेत उभ्या राहून कॉलरी ताठ करायच्या आणि हा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून, तलवारीऐवजी हँगर धरून, सम्राट जिना कसा उतरला ते दाखवायचा. एकदा बाई म्हणाल्या, "अहो, तेवढी बादली उचलता का?"

"सम्राटाने बादली उचलायची?" तो म्हणाला.

पहिल्या वर्षी हे तो हसत म्हणाला होता. नंतर हसायचाही बंद झाला. बाईंनी बादली मागणं सोडून दिलं. भिंतीला काय सांगायचं?

तो भाग पुन्हा कधी दाखवला गेला नव्हता. फिती हरवल्या, असं ऐकिवात होतं, आणि नवऱ्याच्या ते पथ्यावरच पडलं होतं. पण मालिकेच्या चाहत्यांनी एक मंडळ काढलं, कुठूनतरी ती फीत मिळवली आणि एका सभागृहात खेळ ठेवला. त्यात काम केलेल्यांना आग्रहाचं बोलावणं होतं. बाईंच्या मुलीने उत्साहाने मंडळाला फोन करून बापाचं नाव कळवलं.

नवऱ्याने कोट तीनदा इस्त्रीला परत दिला. बाहीची घडी म्हणे सरळ नव्हती. बाईंनी तीनदा ती मोडून घातली. त्यांनाही जायचंच होतं. जिने आपला संसार खाल्ला त्या पत्र्याच्या सवतीचं तोंड तरी एकदा बघावं.

सभागृहात पन्नाशीची पोटं सुटलेली माणसं चंदेरी जाकिटं घालून, हातात खेळण्यातल्या बंदुका घेऊन फिरत होती. ही माणसं घरी जाऊन मुलांना अभ्यासाला बसवत असतील, हे बाईंना खरं वाटेना. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी खांद्यांवर पत्रे लावले होते आणि त्यामुळे त्यांना मान वळवता येत नव्हती. सगळं अंग वळवून ते म्हणाले, "आपण सम्राट? पण सम्राट तर येऊन बसलेत."

पहिल्या रांगेत एक बुटका म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

"हा कोण?" नवऱ्याने विचारलं.

"मी सम्राट," म्हातारा म्हणाला. "तुम्ही कोण?"

बाचाबाची वाढायला लागली तशी डॉक्टरांनी घाईने दिवे घालवले. आधी भाग तर बघू, म्हणाले.

पुठ्ठ्याचे खडक, दोरीवर डुलणारं यान. बाईंना आधी वाटलं, खरा कार्यक्रम अजून सुरू व्हायचाय. मग सम्राट आला, डब्यासारखा खडखडत. त्याच्या दोन्ही बाजूंचे पहारेकरी त्याच्याहून हातभर उंच होते. बाईंचा नवरा उंच. एवढ्यावरच निकाल लागला होता.

पण पुढे नायकाने किरणांची बंदूक रोखली आणि डावीकडचा पहारेकरी किरण सुटायच्या आधीच कोसळला. चूक लक्षात आल्यावर तो अर्धवट उठला, वर कुठेतरी बघून ओशाळं हसला आणि पुन्हा पडला. उठताना त्याचं शिरस्त्राण घसरलं. ते नाक, ते हसू. लग्नाच्या फोटोत बाईंच्या शेजारी हेच नाक होतं. सभागृह खो खो हसत होतं.

मुलगी कुजबुजली, "आई, हे तर बाबा."

"गप्प बस."

नवऱ्यावरच्या मायेने त्या असं म्हणाल्या नाहीत. साधं पडताही न येणाऱ्या माणसाची बायको म्हणून चारचौघांत उठून दिसायची त्यांना हौस नव्हती. शेजारी नवरा ताठ बसून पडद्याकडे बघत होता. "कोण मूर्ख होता कोण जाणे," तो म्हणाला, चांगलं ऐकू जाईल असं. बाईंना त्याचा आजवर राग यायचा. त्या क्षणी तोही आला नाही, चिखलात पाय पडल्यावर येते तशी किळस आली.

दिवे लागले. डॉक्टरांनी अंग वळवून विचारलं, "मग, सम्राट नक्की कोण?"

"पोशाख जड होता," नवरा म्हणाला. "आम्ही दोघं आळीपाळीने घालायचो."

बुटक्याने काठीवरची हनुवटी उचलली, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "हो. दोघं होतो."

चंदेरी जाकिटांनी टाळ्या वाजवल्या. दोघांच्या गळ्यात हार पडले. चहाच्या टेबलाशी बाईंनी बुटक्याला गाठलं.

"तुम्ही त्यांच्या खोट्याला हो का म्हणालात?"

"बाई, मी कुठे आत होतो?" तो बिस्कीट बुडवत म्हणाला. "मी वर माळ्यावर दिवे धरायचो. पोशाख घालणारा बिचारा कधीच वारला. तुमचे यजमान चुकून पडले तेव्हा मी वरून हसलो. ते बघताहेत ना, ते माझ्याकडेच."

"आणि लाज?"

"लाज कसली? सम्राटाला खुर्ची देतात. दिवेवाल्याला कोण बोलावतंय?"

चोराला चोर भेटला, दुसरं काय. आठवडाभरात बुटका लाँड्रीत येऊन बसायला लागला. आता एक जिना उतरून दाखवी आणि दुसरा, काय तेज होतं, म्हणे. चंदेरी जाकिटंही येऊ लागली, वर आपले झगे धुवायला टाकू लागली. बाईंनी झगे घेतले, चिमटीत धरून वेगळ्या पिंपात टाकले, आणि दोन्ही सम्राटांचे स्टूल उचलून बाहेर फुटपाथवर मांडले. वाफेत गर्दी नको, एवढंच सांगितलं.

एकदा एक नवं गिऱ्हाईक, शाळेतल्या शिक्षिका, साड्या घ्यायला आल्या. बाहेरचं भाषण ऐकून कौतुकाने म्हणाल्या, "तुमचे मिस्टर सम्राट होते का?"

"नाही," बाई म्हणाल्या. दार उघडंच होतं आणि आवाज त्यांनी कमी केला नाही. "पहारेकरी होते. वेळेआधी पडले."

बाहेरचं भाषण थांबलं. बुटका काठी टेकत उठला आणि काही काम आठवल्यासारखा निघून गेला. नवरा जिना चढून वर खोलीत गेला. बाईंना वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी दुकानात इस्त्रीचा आवाज तरी ऐकू येतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा स्टुलावर होता. पानवाल्याला सांगत होता, "दिग्दर्शक मला म्हणाला, असं पड की लोक चाळीस वर्षं हसले पाहिजेत. ते येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे."

बाईंनी पाण्याचा हबका मारला आणि पुढचा शर्ट ओढला.