ऑगस्टमधले गुण

नोव्हेंबरातल्या रविवारी साडेतीन वाजले की इंग्लंडातल्या ब्रॅकनेल गावातला उजेड पाणी घातलेल्या दुधासारखा पातळ होत जातो, आणि चार वाजेपर्यंत विटांच्या भिंतींवरून, ओल्या कुंपणांवरून, रस्त्याकडेच्या गाड्यांच्या काचांवरून तो इतक्या निमूटपणे निघून जातो की आपण अंधारात चालतो आहोत हे बऱ्याच वेळाने लक्षात येतं. फुटपाथवर पानं कुजलेली असतात, त्यांचा गोडसर, थोडा आजारी वास बुटांबरोबर घरात येतो. त्या रविवारी महाजनकाकांकडे जाताना त्या वासात आणखी एक वास मिसळला होता: माझ्या शेजारून चालणाऱ्या निनादने मानेला चोळलेल्या मलमाचा, कापरासारखा तीक्ष्ण. "ट्रेनमध्ये वेडावाकडा झोपलो होतो, मान आखडलीय," तो म्हणाला. मी त्याच्या मानेकडे पाहिलं. बोलण्याऐवजी पाहत राहणं ही माझी जुनी सवय. शाळेत तिला शहाणपण म्हणत, आणि मीही बरीच वर्षं तसंच समजत आले.

निनाद माझा धाकटा भाऊ. ब्रिस्टलला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मॅच नसलेल्या शनिवार-रविवारी माझ्याकडे येतो. मी इथे एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. आई-बाबा नाशिकला, त्यामुळे या देशात त्याचं माणूस म्हणजे मीच. तिकडे तो एका हौशी क्लबकडून अमेरिकन फुटबॉल खेळतो, तो हेल्मेट घालून, खांद्यांवर कवच चढवून खेळायचा खेळ. त्याची जागा बचावफळीत सगळ्यांत मागे असते. समोरचे सगळे चुकले की धावत येणाऱ्या माणसाच्या अंगावर स्वतःला झोकून द्यायचं, एवढं त्याचं काम.

या खेळाचं वेड त्याला महाजनकाकांनी लावलं. काका वीस वर्षांपूर्वी पुण्याहून आले, एका अमेरिकन क्लायंटच्या प्रोजेक्टवर अडकले आणि क्लायंटला खूश ठेवता ठेवता त्याच्या गावच्या टीमचे भक्त झाले. प्रोजेक्ट संपलं, भक्ती राहिली. दर रविवारी सहाला मॅच सुरू होते. पण मंडळी चारलाच जमतात, कारण खरा आनंद मॅचमध्ये नसून तिच्या आधीच्या भांडणात असतो. भांडण बहुतेकदा बचावफळीवरून आणि ड्राफ्टवरून. दर वसंतात तिकडचे संघ विद्यापीठांतली मुलं एकेक करून निवडतात, त्या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. आणि आपल्या टीमने कोणत्या वर्षी कुणाला घेतलं, त्याच वेळी कुणाला सोडलं, या जखमा काका लग्नातल्या मानपानासारख्या जपून ठेवतात. वाद विकोपाला गेला की सगळे निनादकडे वळतात. गेल्या कित्येक वर्षांच्या निवडी त्याला क्रमाने, फेरीसकट पाठ आहेत. त्या घरात तो शेवटचा शब्द असतो.

ऑगस्टमधली एक दुपार मला इथेच सांगायला हवी, कारण ती सांगायची टाळता टाळता मी हे लिहायचं कितीदा पुढे ढकललं आहे. त्या दिवशी उकाडा होता, स्वयंपाकघराचं दार बागेकडे उघडं होतं आणि शेजारच्यांच्या कापलेल्या गवताचा हिरवा, ओला वास आत येत होता. सीझन सुरू होण्याआधी क्लबची फिजिओ प्रत्येक खेळाडूची एक चाचणी घेते. दहा साधे शब्द ऐकून परत सांगायचे, महिने उलटे म्हणायचे, एका पायावर डोळे मिटून उभं राहायचं. जे गुण पडतील ते त्या खेळाडूचे नेहमीचे गुण. पुढे कधी डोक्याला मार लागला की चाचणी पुन्हा होते, आणि गुण त्याहून कमी आले तर खेळणं बंद. म्हणून पोरं एक युक्ती करतात: ऑगस्टमध्ये मुद्दाम कमी गुण पाडतात, म्हणजे पुढे खाली यायला जागा राहते. "सगळेच करतात, ताई," निनाद म्हणाला होता. "फक्त ते खरं वाटायला हवं."

आणि खरं वाटायला लावणं मला जमत होतं. आयुष्यभर परीक्षाच दिलेल्या मुलीला गुण कुठे जातात हे ठाऊक असतं. पूल, बटण, टोपली, शिट्टी, लोकर असे शब्द मी त्याला वाचून दाखवले आणि समजावलं की पहिले-शेवटचे शब्द विसरू नकोस, माणूस मधलेच विसरतो. महिने उलटे म्हणताना जूनवर अडखळ. पाय एकदा नाही, दोनदा टेक. तो इतक्या सुंदर बावळटपणाने अडखळायचा की आम्ही दोघं फरशीवर बसून हसत होतो. मी त्याच्यासाठी एक थोडा मंद, थोडा विसरभोळा मुलगा तयार केला, आणि तो मुलगा सप्टेंबरपासून क्लबच्या फाइलमध्ये निनाद म्हणून राहू लागला.

काकांच्या घरात हीटर जोरात चालू होता. त्यावर वाळत घातलेल्या मोज्यांचा आणि आतून येणाऱ्या लसणाच्या फोडणीचा कोंदट वास होता. माझ्या ऑफिसातला सलील, नागपूरचा, आधीच तावातावाने बोलत होता. वाद चोवीस नंबरवर होता. हा त्यांच्या टीमचा मागच्या फळीतला तरुण खेळाडू, पहिल्या फेरीत घेतलेला, आणि आता डोक्याला मार बसून तिसऱ्यांदा बाहेर.

"वेस्टेड पिक!" काका म्हणाले. "तेव्हाच सांगत होतो मी, हा काचेचा आहे. फर्स्ट राउंडमध्ये काच घेतली आपण."

"काका, डोक्याला लागलंय त्याच्या," सलील म्हणाला.

"अरे, डोकं आमचंही दुखतं रोज. आम्ही कधी बसलो घरी?"

"तुम्ही डोकं वापरता कुठे पण?"

सगळे हसले. काकूही दारातून हसल्या. सर्वांत मोठ्याने निनाद हसला, आणि हसता हसता त्याने खुर्ची दिव्याकडे पाठ होईल अशी फिरवली. टीव्हीवर जुनी मॅच लागली होती, तिच्या उजेडाकडे तो डोळे बारीक करून पाहत होता. इतरांनी ते पाहिलं असतं तर त्यांना वाटलं असतं, पोरगा खेळ बारकाईने बघतो आहे.

"ए निनाद," सलील म्हणाला, "तू सांग बे, याच्या आदल्या वर्षी फर्स्ट राउंडला कोणाला घेतलं होतं आपण? काका म्हणतात टेक्ससचा तो धिप्पाड पोट्टा."

निनाद थांबला. क्षणभरच. एरवी तो प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. मग म्हणाला, "नाही, ओहायोचा. तो कोपऱ्यात खेळणारा."

"असं होय?" काका पुटपुटले. "मला तर वाटत होतं..."

"निनाद बोलला नं, खतम," सलील म्हणाला, आणि वाद पुढे सरकला.

ओहायोचा मुलगा दोन वर्षांनंतर आला होता. हे मला पक्कं माहीत होतं, कारण दोन हिवाळे मी त्याच खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराशी चहाचा कप धरून ती सगळी भांडणं ऐकली होती, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना ती यादी मलाही पाठ झाली होती. काकांचंच बरोबर होतं. खोलीत चूक पकडू शकणारी मी एकटी होते, आणि मी नेहमीसारखी नुसती पाहत राहिले. बाहेर पूर्ण काळोख झाला होता. खिडकीच्या काचेत आमचीच खोली तरंगत होती, आणि तिच्यात निनादचा चेहरा मला जरा उशिरा हसताना दिसत होता, विनोद इतरांपर्यंत आधी पोचून त्याच्याकडे मागाहून येत असावा तसा.

मॅच अर्ध्यावर टाकून आम्ही निघालो. रस्ता ओला होता, हवेत कुठल्यातरी लाकडाच्या धुराचा वास होता. मी विचारलं, "मानेला कधी लागलं?" त्याने जॅकेटची चेन वर ओढली. मग म्हणाला की गुरुवारच्या सरावात एकाच्या गुडघ्यावर डोकं आपटलं, थोडा वेळ ऐकू येईनासं झालं, काही विशेष नाही. शनिवारी सकाळी फिजिओने चाचणी घेतली. पास. पुढच्या रविवारी तो खेळणार आहे.

"आईला सांगू नकोस. आणि टेन्शन घेऊ नकोस, ताई. ऑगस्टइतकेच गुण पडले. अगदी तेवढेच."

मी विचारलं, "या वेळी काय काय चुकवलंस?"

"या वेळी कशाला चुकवू?" तो सहज म्हणाला. "या वेळी खरीच दिली."

तो पुढे चालत राहिला. त्याला स्वतःच्या वाक्याचा अर्थ कळला नव्हता, आणि तो कळला नव्हता हेच सर्वांत भयंकर होतं. आम्ही हसत हसत बनवलेला तो मंद मुलगा आता खोटा उरला नव्हता. निनाद पूर्ण जोर लावून त्याच्याइतकाच पोचला होता, आणि कागदावर सगळं ठीक दिसत होतं. डोक्याला पुन्हा मार बसण्याआधी त्याला थांबवायला जगात एकही आकडा नव्हता, कारण जो होता तो मीच बिघडवला होता.

सोमवारी सकाळी सात वाजता, तो बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपलेला असताना, मी क्लबच्या फिजिओला ईमेल लिहिली. लिहायला फार वेळ लागला नाही. ऑगस्टमधली चाचणी खोटी आहे, तिची तयारी मी करून घेतली, काय काय चुकवायचं ते मी ठरवलं, गुरुवारनंतर त्याला उजेड सहन होत नाही आणि पाठ असलेल्या गोष्टी तो चुकतो आहे. शेवटी माझं पूर्ण नाव. पाठवल्यावर मी सोफ्याजवळ जाऊन त्याचा श्वास ऐकत उभी राहिले. बाहेर धुकं होतं, आणि खिडकीतून येणारा उजेड राखेच्या रंगाचा होता.

पाऊण तासाने त्याचा फोन वाजला. तो उठून बसला आणि मला पाठमोरा होऊन बोलू लागला. बोलू कसला, ऐकू लागला. मधूनच "येस," मधूनच "नो." फोन ठेवल्यावर म्हणाला, "आजच हॉस्पिटलला जायला सांगितलंय. एकट्याने जायचं नाही म्हणे." मग माझ्याकडे वळला.

"तू सांगितलंस?"

"हो."

"तू? तू तर कधी कुणाला काही सांगत नाहीस."

त्याने कपडे बदलले, बूट घातले, आणि बुटांच्या नाड्यांकडे जरुरीपेक्षा जास्त वेळ पाहत राहिला. मी वाकून बांधायला गेले तेव्हा त्याने पाय मागे घेतला. बसस्टॉपपर्यंत तो माझ्या दहा पावलं पुढे चालत होता, धुक्यात कधी दिसत, कधी नुसता आवाज होऊन. तो कधीच मला क्षमा करणार नाही असं मला वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याचं दुःख झालं नाही. मी त्याच्या पाठीकडे पाहत मनात एकच धरून बसले होते: हा राग त्याला उद्याही आठवावा, पुढच्या वर्षीही, आणि तो कशाचा होता ते त्याला कुणालाही नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगता यावं.